पहिली टोपली घरची

गेल्या ऑक्टोबरात आम्ही घरभेटीसाठी खानापूरकडच्या एका वाडीवर गेलो होतो. दुपारचे चार वाजले असतील. पाऊस सरला होता, भात पिवळे पडू लागले होते आणि ऊन चांगलेच चटके देत होते. ज्या घरी गेलो त्या घराच्या अंगणात पेरूच्या चार टोपल्या भरून ठेवलेल्या होत्या. वर ओले गोणपाट टाकले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बेळगावच्या बाजाराला जायच्या होत्या.

आम्ही ओसरीवर टेकलो तोच घरच्या बाईंनी धाकट्या मुलाला हाक मारली, त्याच्या हातात नोट ठेवली आणि म्हणाल्या, "जा, दुकानातनं फादरांना काहीतरी थंड घेऊन ये." मुलगा पळत गेला आणि गोड पाण्याची बाटली व बिस्किटांचा पुडा घेऊन आला. आम्ही सहज म्हटले, "अहो, समोर एवढे पेरू आहेत, त्यातला एक कापला असता तर चालले असते की." बाई संकोचल्या. म्हणाल्या, "फादर, तुम्हाला पेरू काय द्यायचा? आणि ते मोजून ठेवलेत, उद्याचे आहेत."

आम्ही बाटली घेतली. पाहुणचाराला नाही म्हणू नये. परंतु बोलता बोलता आमचे लक्ष कोनाड्याकडे गेले. तिथे आरोग्य केंद्रातून आणलेली लोहाच्या गोळ्यांची पट्टी होती. थोरल्या मुलीच्या अंगात रक्त कमी आहे, शाळेत चक्कर येऊन पडली होती, असे आईने सांगितले. मुलीने घरचा पेरू शेवटचा कधी खाल्ला, असे आम्ही विचारले. तिने आईकडे पाहिले आणि हसली. "खाली पडलेला खातो की," ती म्हणाली.

या एका घराला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. अशी घरे आपल्या प्रत्येक वाडीवर आहेत आणि त्यामागे कारणेही आहेत. पेरूच्या पैशांवर शाळेची फी भरली जाते, सोसायटीचा हप्ता जातो. ज्याच्याकडे दोन-तीनच झाडे आहेत त्याला एकेक फळ मोजावेच लागते. तरीही आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो: ज्या घराचे झाड, त्या घराने पहिली टोपली घरात ठेवावी आणि उरलेली बाजाराला न्यावी. घरात ठेवलेली फळे एकेकट्याने खाण्यापेक्षा ती एका पातेल्यात कापून, मिसळून सर्वांना सारखी वाटावीत. शहरात याला फ्रूट सॅलड म्हणतात. आपण फळांची कोशिंबीर म्हणू. नाव कोणतेही असो, या दिवसांत ती प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी व्हावी.

याच दिवसांत का?

आश्विन-कार्तिकाचे हे दोन महिने आपल्या भागात फळांच्या दृष्टीने मोठे सोयीचे असतात. सीताफळाचा हंगाम पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत चालतो. माळरानावर, बांधावर, खडकाळ जमिनीतही हे झाड कोणी न लावता उगवते. मृग बहाराचा पेरू पावसाच्या सुरुवातीला फुलून थंडीच्या तोंडावर पिकू लागतो. पपई आणि जवारी केळी तर बारमाही. विजापूर-बागलकोटच्या कोरड्या पट्ट्यातील डाळिंबे बाजारात दिसू लागतात. मराठवाड्याकडची आंबे बहाराची मोसंबीही याच सुमारास येते आणि तिच्यामागून नागपुरी संत्री. थोडे पुढे गेले की आवळा. उन्हाळ्यात आंबा-फणसाच्या राज्यात या फळांना कोणी विचारत नाही. पण हे दोन महिने त्यांचेच आहेत.

यांतील पेरू, पपई, सीताफळ, अननस ही सारी मूळची अमेरिका खंडातील. पेरू, पपई आणि अननस पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकापासून पश्चिम किनाऱ्यावर आले आणि घाट चढून आपल्या परसात रुजले. अननस आणि पपई ही नावेही पोर्तुगीजांच्या तोंडूनच आपल्या भाषेत आली. म्हणजे एके काळी ही फळे आपल्याकडे परकी आणि नवलाची होती. आज ती इतकी घरची झाली की आपल्याला त्यांची किंमत उरली नाही. पाहुणा आला की पेरू द्यायला लाज वाटते आणि बाटली द्यायला अभिमान वाटतो. आम्हाला हेच उलटे वाटते.

पेरूचे मोल

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत मोठ्या माणसाने रोज १०० ग्रॅम फळे आणि ४०० ग्रॅम भाजी खावी असे सांगितले आहे. १०० ग्रॅम म्हणजे काय? मध्यम पेरूचे दोन तृतीयांश, किंवा दोन लहान जवारी केळी, किंवा वाटीभर पपईच्या फोडी. हे काही श्रीमंताचे खाणे नव्हे. तरीही आपल्यातल्या किती घरांत रोज एवढे फळ पोटात जाते? घरोघरी फिरताना आम्हाला जे दिसते त्यावरून आम्ही म्हणू, थोड्या.

आता रक्ताचा प्रश्न पाहा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. शंभरातील सत्तावन्न स्त्रिया! मिस्साला बसलेल्या आपल्या मायबहिणींच्या रांगा डोळ्यांपुढे आणा आणि मोजा.

रक्तक्षयावर पेरू हे औषध आहे असे आम्ही म्हणत नाही. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या घ्याव्यातच, पोटातल्या जंतांवर औषध घ्यावेच. परंतु एक गोष्ट आपल्या घरांत कोणी सांगत नाही. आपण नाचणी, पालेभाजी, कडधान्ये खातो. त्यांत लोह असते, पण ते शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलेले काही खाल्ले तर ते लोह पुष्कळ अधिक प्रमाणात रक्ताकडे जाते. आणि क जीवनसत्त्वाच्या बाबतीत पेरूचा हात धरणारी फळे थोडी. १०० ग्रॅम पेरूत ते साधारण २०० मिलिग्रॅम असते. पोषण संस्थेच्या हिशोबाने बाईला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम पुरते. म्हणजे अर्ध्या पेरूत दिवसाची गरज भागून उरते. लोक आजाऱ्यासाठी महागडी संत्री नेतात. पण त्या संत्र्यापेक्षा दाराशी लोंबणारा पेरू या बाबतीत कितीतरी पटींनी वरचढ आहे.

याच्या उलट चहाचे. जेवण झाल्याबरोबर कपभर चहा घेण्याची आपली सवय लोहाला अडवून धरते. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे. त्या मुलीच्या आईला आम्ही एवढेच सांगितले: गोळी चुकवू नका, जेवणाबरोबर अर्धा पेरू द्या आणि चहा मागून द्या.

बाटलीचा हिशोब

आता त्या बाटलीचे पाहू. ३०० मिलिलिटर गोड पेयात साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे एका बाटलीने दिवसाची मर्यादा ओलांडली, आणि चहातली साखर अजून मोजायचीच आहे. त्या पेयात चोथा नाही, जीवनसत्त्व नाही, लोह नाही. आपण आपले पेरू विकून पैसे आणतो आणि त्यांतले काही पैसे देऊन साखरेचे पाणी घरी आणतो. हा व्यवहार कोणत्या शेतकऱ्याच्या हिशोबात बसतो?

इथे आम्हाला आमचीही चूक कबूल केली पाहिजे. रविवारच्या धर्मशिक्षण वर्गानंतर मुलांना खाऊ म्हणून आम्ही वर्षानुवर्षे वेफर्सची पाकिटे आणि गोड पेये वाटली. वाटायला सोपे, मोजायला सोपे, कोणाची तक्रार नाही. मुले दूरवरून चालत येतात, त्यांना काहीतरी द्यावे ही भावना चांगली होती, पण वस्तू चुकीची होती. आता ऑक्टोबर-नोव्हेंबरात तरी आम्ही फळे कापून देतो. पहिल्या रविवारी मुलांनी तोंडे वाकडी केली. तिसऱ्या रविवारी पातेले घासल्यासारखे रिकामे झाले.

मिसळून का?

कोणी म्हणेल, फळ खायचे तर तसेच खावे, कापून मिसळण्याचा खटाटोप कशाला? त्याला आमचे उत्तर असे.

घरात एक सीताफळ पिकले तर ते कोणाच्या वाट्याला जाते? बहुधा धाकट्या मुलाच्या. डाळिंब आणले तर आजाऱ्याच्या किंवा आजोबांच्या. पाहुणा आला तर पाहुण्याच्या. आईच्या वाट्याला काय येते? साल आणि सुरी. आपल्या घरांतील आया फळ सोलतात, वाटतात आणि "मला नको, मला आवडत नाही" असे म्हणतात. आम्ही हे आमच्या आईच्या तोंडून लहानपणी ऐकले आणि खरे मानले. तिला सीताफळ फार आवडत होते हे आम्हाला सेमिनरीतून सुट्टीवर आल्यावर, पुष्कळ वर्षांनी कळले.

पण दोन पेरू, अर्धी पपई, तीन केळी आणि एक सीताफळ एका पातेल्यात पडले की कोणते फळ कोणाचे हा प्रश्नच उरत नाही. पळीने पाच वाट्या भरायच्या. पाचवी वाटी आईची. जे एकेक फळ एकालाही पुरत नव्हते ते पाच जणांना पुरते. फळांच्या कोशिंबिरीचा मोठा गुण तिच्या चवीपेक्षा या वाटणीत आहे, असे आमचे मत आहे. घरच्या कर्त्या पुरुषांना आम्ही विनंती करतो: ती पाचवी वाटी भरल्याशिवाय आपली वाटी उचलू नका.

कशी करावी

पाच जणांसाठी दोन मध्यम पेरू, लहान पपईची अर्धी फाक, तीन जवारी केळी, एक मोठे सीताफळ, एक मोसंबी, अर्धे लिंबू आणि मिळाल्यास मूठभर डाळिंबाचे दाणे घ्यावेत. डाळिंब नसले तरी काही अडत नाही. विकत आणायचेच तर मोसंबी आणावी, सफरचंदासाठी खिसा रिकामा करू नये. हिमाचल-काश्मिरातून येणारे सफरचंद वाईट नाही, पण घरच्या पेरूपुढे त्याचा मोठेपणा किंमतीपुरताच आहे.

प्रथम हात साबणाने धुवावेत. सुरी आणि पाट धुवावा. ज्या सुरीने मासे-मटण कापले ती न धुता वापरू नये. फळे कापण्यापूर्वी सालीसकट वाहत्या स्वच्छ पाण्यात चोळून धुवावीत. साल काढायची असली तरी आधी धुवावे, कारण सुरी सालीवरची घाण आत नेते.

पातेल्यात आधी मोसंबीचा आणि लिंबाचा रस पिळावा. केळी थेट त्या रसातच कापावीत, म्हणजे ती काळी पडत नाहीत. मग पेरूच्या बारीक फोडी. घरात दात नसलेली म्हातारी माणसे किंवा लहान मुले असतील तर पेरूचा मधला बियांचा गर काढून टाकावा. मग पपई. सीताफळाचा गर बिया काढून सर्वांत शेवटी वर घालावा, ढवळू नये, नाहीतर सगळ्याचा लगदा होतो. चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड किंवा मिरपूड भुरभुरावी. साखर मुळीच नको. सीताफळ आणि केळे पिकलेले असले की गोडी पुरते.

दूध किंवा कस्टर्ड घालण्याची पद्धत लग्नाकार्यांत रूढ झाली आहे. सणाला एखादे वेळी चालेल, पण मग त्यात लिंबू-मोसंबी घालू नये, दूध फाटते. पपईही घालू नये. पपईच्या अंगच्या गुणाने दूध थोड्या वेळात कडवट होते. दुधाबरोबर खायचे तर आपले केळ्याचे शिकरण काय वाईट आहे?

कापलेले फळ झाकून ठेवावे आणि कापल्यावर तासा-दोन तासांत संपवावे. सकाळी कापून संध्याकाळी वाढू नये. या दिवसांतील उन्हात कापलेले फळ लवकर नासते. बाजारात उघड्यावर कापून ठेवलेली पपई आणि अननस म्हणूनच टाळावीत.

काही सावधगिरीच्या गोष्टी

सीताफळाच्या बिया विषारी आहेत. चुकून एखादी अख्खी गिळली तर ती तशीच बाहेर पडते, घाबरू नये. पण गर मिक्सरमधून काढताना बिया दळल्या जाता कामा नयेत. आपल्या वाड्यांवर उवांसाठी या बियांची पूड मुलींच्या डोक्याला लावतात. ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. हा उपाय कृपया बंद करावा.

वटवाघळाने किंवा पाखराने टोचलेले फळ 'गोड असते' म्हणून मुले खातात. ते खाऊ देऊ नये. केरळात २०१८ मध्ये निपाह रोगाची साथ आली. त्या रोगाचे विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या अंगी असतात. टोचलेला भाग कापून उरलेले खाणेही नको.

मधुमेहाच्या रुग्णाने फळांचा रस घेऊ नये, फळ खावे, आणि तेही मोजके. पेरू व पपई अधिक, केळे व सीताफळ कमी. किती, ते आपल्या डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय फळांचे प्रमाण वाढवू नयेच. गरोदर बाईने कच्ची पपई टाळावी. पिकलेल्या पपईविषयी शंका असेल तर आरोग्य केंद्रातील सिस्टरांना विचारावे, पण पेरू, केळे, मोसंबी यांची भीती बाळगू नये. आणि पेरूने सर्दी-खोकला होतो ही समजूत सोडून द्यावी. सर्दी एकापासून दुसऱ्याला लागते, पेरूपासून नाही.

सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला केळे किंवा पपई कुस्करून द्यावी. तीन-चार वर्षांच्या मुलाला डाळिंबाचे दाणे आणि मोठ्या फोडी देताना जवळ बसावे, घशात अडकतात.

शेताकडे पाहताना

घरची टोपली चांगली हवी तर झाडाकडेही पाहायला हवे. पेरूत अळी पडते ती फळमाशीमुळे. झाडाखाली पडलेली किडकी फळे तशीच राहिली की अळी मातीत जाते आणि नव्या माश्या तयार होतात. म्हणून पडलेली फळे रोज गोळा करून खोल पुरावीत. फळमाशीचे सापळे कृषी केंद्रात मिळतात, ते फळ पक्व होण्याआधीच टांगावेत.

सीताफळाच्या डोळ्यांमधील खाचा रुंदावून पिवळसर-पांढुरक्या दिसू लागल्या की फळ उतरवावे आणि भाताच्या पेंढ्यात ठेवावे. दोन-चार दिवसांत पिकते. पपईवर पिवळी रेघ उठली की काढावी. केळीची अढी पेंढ्यातच घालावी. कार्बाईडची पुडी ठेवून फळे पिकवणे २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार बंद आहे आणि ते आरोग्याला घातकही आहे. कायद्याच्या भीतीने नव्हे, तर ते फळ कोणाच्या तरी मुलाच्या तोंडात जाणार आहे म्हणून ते करू नये.

याच संदर्भात एक कटू गोष्ट लिहितो. काही शेतकरी घरच्या खाण्यासाठी एक-दोन झाडे बिनऔषधाची ठेवतात आणि बाजारच्या झाडांवर तोडणीच्या आदल्या दिवशीही फवारणी करतात. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि तोडणी यांमधील दिवस लिहिलेले असतात. ते उलटल्याशिवाय फळ तोडू नये, ना घरासाठी, ना बाजारासाठी. पहिली टोपली घरची असावी असे आम्ही म्हणतो. पण उरलेल्या तीन टोपल्याही तितक्याच निर्मळ असाव्यात, हे त्यात आलेच.

ज्यांच्याकडे झाड नाही त्यांनी येत्या जूनमध्ये लावावे. पेरूची आपल्याकडची विश्वासाची जात म्हणजे सरदार, तिलाच लखनौ-४९ म्हणतात. नाव लखनौचे असले तरी तिची निवड पुण्याच्या गणेशखिंडीतील फळ संशोधन केंद्रात झाली. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात शेणखत भरावे. न्हाणीचे सांडपाणी जिथे जाते तिथे केळ लावावी, तिला पाणी मानवते. पपई मात्र तिथे लावू नये, बुंध्याशी पाणी साचले की ती कुजते. पपईची एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावावीत आणि फुले आल्यावर नर झाडे काढून टाकावीत. परसात एक पेरू, दोन पपया, एक केळीचे बेट, एक लिंबू आणि बांधावर एक सीताफळ एवढे असले तर त्या घराला या ऋतूत फळांसाठी बाजाराचे तोंड पाहावे लागणार नाही.

विकावे काय आणि ठेवावे काय

शेवटी पैशाचा मुद्दा. तो टाळून चालणार नाही. "फादर, तुमचे बोलणे बरोबर आहे, पण टोपलीमागचे पैसे कोण देणार?" असे विचारणारे आम्हाला भेटतात. त्यांना आम्ही हे सांगतो. व्यापारी मोठी, गोल, डाग नसलेली फळे उचलतो. लहान, वाकडी, सालीवर खरचटलेली किंवा जास्त पिकलेली फळे एक तर मातीमोल भावाने घेतो, नाही तर टाकून देतो. कापून पातेल्यात घातल्यावर वाकड्या पेरूची फोड आणि गोल पेरूची फोड वेगळी ओळखता येते काय? म्हणजे घरच्या टोपलीसाठी मोठा त्याग करावा लागतो असेही नाही. तोडणीच्या वेळीच एक टोपली बाजूला ठेवण्याची सवय मात्र लावावी लागते, कारण संध्याकाळी उरेल ते घरचे असे म्हटले की काही उरत नाही.

पण टाकाऊ तेवढेच घरी, असेही आम्ही म्हणणार नाही. आठवड्यातून एकदा तरी एक चांगले, मोठे, पहिल्या प्रतीचे फळ घरच्यांसाठी राखावे. ते आपल्याला शोभते हे मुलांना कळले पाहिजे. ज्याच्या बापाने झाड वाढवले त्या मुलाने खाली पडलेलेच खायचे, असा नियम कोठेही नाही.

आणि ज्या घरांना झाड नाही, जमीन नाही, त्यांचे काय? जुन्या करारात द्राक्षमळ्याच्या मालकाला सांगितले होते की तोडणी झाल्यावर मागे राहिलेली फळे पुन्हा वेचू नयेत, ती परदेशी, पोरका आणि विधवा यांच्यासाठी राहू द्यावीत. आपल्याकडे द्राक्षमळे नाहीत, पण शेजारची विधवा आहे, ऊसतोडीला आलेल्या टोळीची मुले आहेत. आठवड्याला चार पेरू आणि दोन पपया त्यांच्याकडे गेल्या तर आपली टोपली हलकी होणार नाही.

त्या वाडीवर आम्ही पुन्हा डिसेंबरात गेलो. अंगणात टोपल्या होत्याच, पण या वेळी तीन बाजाराच्या आणि एक ओसरीवर, घरची. बाईंनी आम्हाला बसायला सांगितले आणि मुलीला हाक मारली. ती आतून वाट्या घेऊन आली. पेरू, केळे, लिंबाचा रस आणि वर थोडे मीठ, एवढेच होते. सीताफळाचा हंगाम संपला होता. मुलीच्या तोंडावर थोडा तजेला आला होता. गोळ्यांमुळे असेल, पेरूमुळे असेल, दोन्हींमुळे असेल. आम्ही मोजले: वाट्या सहा होत्या आणि माणसे आमच्यासकट सहा. आईच्या हातातही एक वाटी होती.